कंबर किती दुखते हे सगळ्यांनी विचारलं, कधी दुखते हे कोणीच नाही

पेशंट पुरुष, वय ४४, छापखान्यात ऑफसेट मशीनवर कामाला, कंबरदुखी चार वर्षं, ट्रॅमाडॉल (अफूच्या कुळातलं वेदनाशामक) साडेतीन वर्षांच्या वर. माझ्याकडे फिजिओथेरपीला आले तेव्हा चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं, जुनी कंबरदुखी, स्ट्रेंथनिंग (ताकदीचे व्यायाम) द्या. गोळ्यांबद्दल चिठ्ठीत अक्षर नाही. ओळख पटेल असं सगळं मी काढलंय किंवा बदललंय. त्यांना मी दादा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी, इथेही तेच चालू ठेवते.

सुरुवात अगदी नेहमीची. कागदाची रीम उचलताना कंबरेत उसण भरली, दुसऱ्या दिवशी डाव्या पायात घोट्यापर्यंत कळ. एमआरआय झाला, एल४-एल५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली आणि नसेला टेकलेली. अशी पायातली कळ बहुतेकांची काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होते, दादांचीही झाली, तिसऱ्या महिन्यात पाय जवळपास मोकळा होता. पण तोवर गोळी घरात आलेली होती. ट्रॅमाडॉल ३७.५ मिलीग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलीग्रॅम एकत्र असलेली, दिवसाला दोन, दहा दिवसांसाठी. दहा दिवसांनी काय करायचं हे कोणी सांगितलं नाही, आणि दादांनीही विचारलं नाही कारण गोळीने बरं वाटत होतं. मग दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या चार, मग एका दुसऱ्या डॉक्टरांनी रात्रीसाठी ट्रॅमाडॉल ५० ची कॅप्सूल वेगळी दिली, तिच्याही पुढे दोन झाल्या. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हिशोब असा होता: एकत्र गोळ्या सहा, म्हणजे ट्रॅमाडॉल २२५, अधिक दोन कॅप्सूल १००, एकूण ३२५ मिलीग्रॅम रोज. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलीग्रॅम. त्यात रोज सकाळी डोकं दुखायचं म्हणून ते पॅरासिटामॉल ६५० वेगळी घ्यायचे, कधी दोन कधी तीन. एकत्र गोळीतही पॅरासिटामॉल आहे हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. सहा गोळ्यांतलं १९५० आणि वरचं १९५०, तीन घेतल्या त्या दिवशी ३९०० मिलीग्रॅम, आणि लिव्हरसाठी दिवसाची हद्द धरतात ४००० ची.

आणि ती सकाळची डोकेदुखी, तिचंही मूळ बहुधा गोळ्यांतच होतं. असली एकत्र वेदनाशामकं महिन्यातले दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली की औषधामुळेच डोकेदुखी होऊ शकते, ज्यांना आधीपासून डोकेदुखीची सवय आहे त्यांना जास्त, आणि दादांना तरुणपणापासून अर्धशिशी होती.

आता या चार वर्षांतल्या दोन गोष्टी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली गोष्ट दुसऱ्या वर्षातली. वहिनी स्ट्रिपा बघून वैतागल्या, भांडण झालं, आणि दादांनी सुट्टी धरून एका दिवसात सगळ्या गोळ्या बंद केल्या. पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या रात्री झोप नाही, पाय गादीवर ठेवता येईनात, सारखे हलवावेसे वाटायचे, घाम, जुलाब, नाक गळतंय, अंगावर काटा. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं आणि छातीत अशी धडधड की आता आपण जातो. आणि कंबर, ती तर म्हणे पहिल्या दिवसाच्या उसणीपेक्षा वाईट. चौथ्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या आणि पाऊण तासात सगळं शांत. यातून त्यांनी काढलेला अर्थ असा की माझी कंबर आतून पार गेलेली आहे, गोळीने फक्त झाकून ठेवली आहे, गोळी काढली की खरं रूप दिसतं. हा अर्थ त्यांच्या मनात पक्का बसला आणि पुढची दोन वर्षं त्यांनी गोळी कमी करायचं नावही काढलं नाही. ज्या डॉक्टरांना हे सांगितलं त्यांनीही मान डोलावून चिठ्ठी पुढे चालू ठेवली.

दुसरी गोष्ट माझ्याकडे येण्याआधीच्या तीन महिन्यांतली. धडधड आणि भीती अधूनमधून व्हायला लागली म्हणून आणखी एका डॉक्टरांनी पॅरोक्सेटीन, म्हणजे घाबरणं आणि नैराश्यावरचं औषध, सुरू केलं. त्यांना गोळ्यांची पूर्ण यादी माहीत नव्हती, दादांनी सगळं सांगितलं नव्हतं. आठवड्या-दोन आठवड्यांत कंबरदुखी अचानक वाढली. काही उचललेलं नाही, पडले नाहीत, काम तेच. मग गोळ्या सहाच्या आठ झाल्या, एखाद्या दिवशी नऊ. म्हणजे कॅप्सूल धरून ४०० किंवा त्याच्याही वर. नवीन एमआरआय झाला, तो जुन्यासारखाच निघाला, उलट गादीचा फुगवटा थोडा कमीच. आणि मग "स्ट्रेंथनिंग द्या".

तपासलं तेव्हा घाबरण्यासारखं काही नव्हतं. लघवी-संडासवरचा ताबा ठीक, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा नाही, पाऊल लुळं पडत नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही, कॅन्सरचा इतिहास नाही. यातलं एक जरी असतं तर व्यायाम बाजूला ठेवून त्यांना तडक डॉक्टरांकडे धाडलं असतं. पायाची ताकद चांगली. पुढे वाकायला सांगितलं तर गुडघ्यापाशी थांबले, पण ते दुखून नाही, भीतीने. नाडी नसलेले बूट घालून आले होते, खाली वाकायला नको म्हणून. कंबरेला पट्टा, तो झोपतानाही.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. मी नेहमीप्रमाणे विचारलं की काय केल्यावर दुखतं, तर म्हणाले काही केल्यावर नाही हो, पडून असलो तरी दुखतं, पहाटे सगळ्यात जास्त. छापखान्यात दुपारी रीम उचलतो तेव्हा त्या मानाने बरा असतो. आता कंबरेचं मेकॅनिकल दुखणं सहसा वाकण्याला, वजनाला, बसण्याला, उठण्याला काहीतरी हिशोबाने उत्तर देतं. इथे रीम उचलताना चार आणि गादीवर पडून आठ. पहाटेचं दुखणं म्हटल्यावर मणक्याच्या सूजेचा आजार, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, आधी डोक्यात येतो आणि यायलाच हवा, पण तो साधारण पंचेचाळिशीच्या आत हळूहळू सुरू होतो, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो आणि हालचालीने सुटतो. दादांचं हालचालीने सुटत नव्हतं. गोळीने सुटत होतं, तेही घड्याळ लावल्यासारखं.

म्हणून त्यांना वही दिली. शून्य ते दहाच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही, चार वर्षं ते प्रत्येक ठिकाणी "सात-आठ" सांगत आले होते आणि त्या सात-आठाने कोणाला काही कळलं नव्हतं. मी म्हटलं आकडा लिहा पण त्याच्या शेजारी वेळ लिहा, गोळी कधी घेतली ते लिहा, आणि कंबर सोडून शरीरात आणखी काय होतंय तेही लिहा, फालतू वाटलं तरी. दहा दिवसांनी वही आली. एक पान तसंच्या तसं देते, त्यांची परवानगी आहे:

"रात्री ९:३० २ गोळ्या १ कॅप्सूल. पहाटे ४:५० जाग. कंबर ६. जांभया. ५:४० कंबर ८, नाक गळतंय, पाय स्वस्थ नाहीत, अंगावर काटा, पंखा बंद केला तरी. ६:०० २ गोळ्या. ६:४५ कंबर ४. १०:०० मशीन, रीम लावल्या, कंबर ४. १२:३० कंबर ७, जांभया, चिडचिड, १:०० २ गोळ्या. १:४० कंबर ४."

कंबरदुखीत जांभया येत नाहीत, नाक गळत नाही.

ट्रॅमाडॉलचं अर्ध आयुष्य साधारण सहा तासांचं, म्हणजे सहा तासांत रक्तातलं प्रमाण निम्मं. साधी गोळी रात्री साडेनऊला घेतली तर पहाटे साडेपाचपर्यंत आठ तास होतात. शरीराला वर्षानुवर्षं त्या औषधाची सवय, ते उतरायला लागलं की शरीर ओरडतं, आणि ओरडतं कुठून तर जी जागा आधीपासून दुखरी आहे तिथून. दादांना रोज दोनदा-तीनदा छोटं विथड्रॉवल, म्हणजे दुसऱ्या वर्षी झाला तोच औषध उतरण्याचा त्रास, येत होतं आणि ते त्याला कंबर म्हणत होते. गोळी घेतली की थांबायचं, म्हणून गोळी कंबरेवर काम करते असं वाटायचं. थोडं करतही असेल, नाही असं मी म्हणत नाही. पण त्या आठातले चार गोळीचे स्वतःचेच होते.

वही घेऊन त्यांना पेन क्लिनिकमधल्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं, कारण औषध कमी-जास्त करणं माझं काम नाही. मॅडमनी आधी रक्ताच्या तपासण्या करून स्पॉन्डिलायटिस बाजूला काढला, लिव्हर बघितलं (सुदैवाने ठीक), आणि मग सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. पॅरोक्सेटीनची स्ट्रिप दिसल्यावर म्हणाल्या, ही कधीपासून? तारीख जुळली. ट्रॅमाडॉल हे स्वतः अर्धंमुर्धं औषध आहे, लिव्हरमधलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्याचं एम१ नावाच्या पदार्थात रूपांतर करतं आणि अफूच्या कुळातलं जे वेदनाशमन आहे ते बरंचसं त्या एम१ चं. पॅरोक्सेटीन नेमकं त्याच एन्झाइमला जोरात अडवतं. म्हणजे दादा गोळ्या तेवढ्याच घेत होते पण एम१ कमी तयार होत होता, शरीराच्या दृष्टीने कोणीतरी गुपचूप डोस कमी केल्यासारखं. म्हणून दुखणं "वाढलं". त्यावर दादांनी गोळ्या वाढवल्या तर न बदललेलं ट्रॅमाडॉल रक्तात साचायला लागलं, आणि ते मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं, पॅरोक्सेटीनही सेरोटोनिन वाढवतं, दोन्ही मिळून फिट येण्याचा आणि सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे सेरोटोनिन अति झाल्याने होणाऱ्या गंभीर त्रासाचा, धोका. हात थरथरतात हे वहीत होतंच. थोडक्यात निभावलं होतं.

मला विचाराल तर या प्रकरणात कोणी एक वाईट डॉक्टर नाही. प्रत्येकाने आपल्यासमोरचा तुकडा बघितला, कंबरवाल्याने कंबर, झोपवाल्याने झोप, धडधडवाल्याने धडधड. पूर्ण यादी कुठेच नव्हती, ती फक्त वहिनींना माहीत होती, आणि त्यांना कोणी आत बोलावलं नाही.

व्यसन आहे का, हा प्रश्न वहिनींनी पहिल्याच भेटीत विचारला, दादा समोर बसलेले असताना. मॅडमनी सरळ उत्तर दिलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सांगितल्याप्रमाणे औषध घेतलं आणि शरीराला सवय झाली, डोस वाढवावा लागला, बंद केल्यावर त्रास झाला, तर एवढ्यावरून डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, त्याप्रमाणे व्यसनाचा आजार ठरत नाही, त्यातल्या अकरा निकषांपैकी सवय (डोस वाढवावा लागणं) आणि बंद केल्यावरचा त्रास हे दोन अशा पेशंटमध्ये मोजायचेच नसतात. पण दादांचं सगळंच सांगितल्याप्रमाणे नव्हतं. दोन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या, छापखान्यातल्या ड्रॉवरमध्ये जास्तीची स्ट्रिप, ठरवल्यापेक्षा जास्त गोळ्या. मॅडम म्हणाल्या सौम्य प्रमाणात का होईना हे त्या बाजूला झुकलंय, लपवालपवी थांबली नाही तर पुढे जाईल. दादांचा चेहरा उतरला, पण मला वाटतं त्या दिवसापासून ते खरं बोलायला लागले. ड्रॉवरमधली स्ट्रिप त्यांनी स्वतःहून सांगितली.

त्यांचा खरा प्रश्न वेगळा होता. गोळी काढली की दुखणं वाढणार ना? मॅडमनी २०१८ मध्ये जामा या नियतकालिकात आलेल्या एका अमेरिकन चाचणीबद्दल सांगितलं, २४० माजी सैनिक, जुनी कंबरदुखी किंवा गुडघे-खुब्याच्या संधिवाताचं दुखणं, अर्ध्यांना ओपिऑइड (अफूच्या कुळातली) औषधं आणि अर्ध्यांना इतर, वर्षभर. वर्षाच्या शेवटी कामकाजाच्या क्षमतेत फरक नाही, आणि दुखण्याचा आकडा ओपिऑइडवाल्यांचा ४.०, दुसऱ्यांचा ३.५. म्हणजे जोरदार गोळीवाल्यांचं किंचित जास्तच दुखत होतं. (गंमत म्हणजे ट्रॅमाडॉल तिथे दुसऱ्या गटात शेवटचा पर्याय म्हणून ठेवलेलं होतं, त्याच्याकडे किती सौम्य म्हणून बघितलं जायचं ते यावरून कळतं.) दादांवर आकड्यांचा फार परिणाम झाला नाही. वहीचा झाला. स्वतःच्या अक्षरात "जांभया" तीन पानांवर बघून ते बराच वेळ गप्प होते.

योजना अशी ठरली. आधी काहीच कमी करायचं नाही. पॅरोक्सेटीन हळूहळू उतरवायचं, कारण तेही झटक्यात सोडलं तर करंट लागल्यासारखं होतं. आणि ते उतरताना एन्झाइम पुन्हा मोकळं होणार, तेवढ्याच ट्रॅमाडॉलचा असर वाढणार, म्हणून त्या दिवसांत जास्त सुस्ती, जड श्वास, उठवूनही न उठणं असं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल, हे वहिनींना लिहून दिलं. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद, अफूच्या कुळातल्या औषधांबरोबर या दोन्ही गोष्टी श्वास मंदावतात. साध्या गोळ्या आणि कॅप्सूल काढून त्यांच्या जागी हळूहळू सुटणारी ट्रॅमाडॉलची गोळी, १५० सकाळी १५० रात्री, एकूण ३००, ठरलेल्या वेळी, दुखो न दुखो. जास्तीचं पॅरासिटामॉल बंद.

या एका बदलाने पहाटेची जाग गेली. डोस वाढलेला नव्हता, उलट कमी झाला होता, फक्त रक्तातले चढउतार थांबले. सकाळची डोकेदुखी जायला महिनाभर लागला, मधले काही दिवस ती आधी वाढली आणि मग गेली. आता पहिल्यांदाच दादांना कळलं की नुसती कंबर दुखते तेव्हा कशी दुखते. बसून उठताना, गाडी चालवल्यावर, रीम उचलल्याच्या संध्याकाळी. हे दुखणं होतंच, खोटं नव्हतं, पण ते पाच होतं.

मग उतरण. एक वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही हळू असा वेग सुचवलाय, आणि अचानक बंद करू नका असा इशारा तिथल्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी संस्था) २०१९ मध्येच दिला होता, कारण घाईने गोळी काढलेल्या लोकांचे असह्य हाल झाले, काहींची जीव देण्यापर्यंत मजल गेली. मॅडमनी ३०० वरून १५० पर्यंत ५० च्या पायऱ्या ठेवल्या, प्रत्येक पायरीवर सहा-सात आठवडे. १५० च्या खाली २५ च्या, आणि ५० च्या खाली थेंबाच्या औषधाने अगदी बारीक. हळू सुटणारी गोळी तोडायची किंवा चावायची नाही, तोडली की सगळं औषध एकदम सुटतं, हे मी त्यांना प्रत्येक भेटीत बजावायचे, कारण माणूस खालच्या डोसवर आला की "अर्धी करून घेऊ" हा विचार येतोच.

माझं काम याच काळात चालू होतं आणि ते बाहेरून फार साधं दिसतं. आधी एमआरआयची भीती. रिपोर्टमधला "डीजनरेशन" हा शब्द दादांना पाठ होता, त्यांच्या लेखी मणका सडतोय. मी सांगितलं की कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्र अभ्यास २०१५ मध्ये आलाय, त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या वयात ९६ टक्के, फुगलेली गादी विशीत ३० टक्क्यांना. पटलं नाही लगेच, पण दुसरा एमआरआय, ज्यात फुगवटा कमी होता आणि दुखणं जास्त होतं, तो मी पहिल्याच्या शेजारी ठेवला तेव्हा पटलं.

वाकणं आम्ही खुर्चीपासून सुरू केलं. बसून हात घोट्यापर्यंत, मग उभं राहून खुब्यातून वाकणं, मग रिकामं खोकं, मग खोक्यात अर्धी रीम. पट्टा आधी झोपताना काढला, मग घरात, मग कामावर. चालणं आठ मिनिटांपासून, आणि आठच. ही "आठच" गोष्ट त्यांना सगळ्यात जड गेली. बरं वाटलं की पाऊण तास चालायचे आणि पुढचे दोन दिवस आडवे, मग म्हणायचे व्यायामाने दुखणं वाढलं. बऱ्या दिवशी मुद्दाम कमी करायचं आणि वाईट दिवशीही ठरलेलं थोडं करायचं, ही शिस्त अंगवळणी पडायला उतरणीच्या दोन पायऱ्या गेल्या. नाडीचे बूट त्यांनी कधी घेतले ते मला सांगितलंही नाही, एक दिवस घालून आले.

घरचं सांगायला हवं. वहिनी चार वर्षं स्ट्रिपा मोजत होत्या, लपवत होत्या, शोधत होत्या. मॅडमनी त्यांना एकच काम दिलं, आठवड्याच्या खान्यांच्या डबीत रविवारी गोळ्या भरायच्या आणि बाकीचा साठा कुलपात. रोज विचारायचं नाही. पहिले काही आठवडे त्यांनाच जास्त अवघड गेलं, चौकीदारी सुटत नव्हती, दादा बाथरूममध्ये जास्त वेळ राहिले तरी संशय. समुपदेशकाकडे दोघं एकत्र गेले काही वेळा. तिथे दादांनी सांगितलं की गोळी घेतल्यावर कंबरेपेक्षाही मन शांत व्हायचं, नोकरीची धाकधूक थांबायची. ट्रॅमाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन-नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवरही काम करतं, त्यामुळे हे निव्वळ मनाचे खेळ नव्हते, आणि म्हणूनच उतरणीत त्यांना दुखण्यापेक्षा घाबरण्याचा त्रास जास्त झाला. त्या घाबरण्याची सोय आधी केली नसती तर उतरण १५० लाच अडकली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि १५० ला एकदा अडकलीच होती. घरातलं कपाट सरकवलं, जुनी उसण पुन्हा भरली, दोन दिवस उठता येईना. दादांचा फोन, परत ३०० करू का? मॅडमनी ना वर नेलं ना खाली, १५० वरच चार आठवडे थांबवलं, शेक, थोड्या दिवसांसाठी सूज उतरवणारी साधी गोळी पोटाच्या गोळीबरोबर, आणि मी अंथरुणातल्या अंथरुणात करायच्या हालचाली दिल्या. पंधरा दिवसांत उसण उतरली. मॅडमनी तेव्हा आणखी एक गोष्ट फार ठासून सांगितली ती अशी की आता शरीराची जुनी सहनशक्ती उरलेली नाही, आधी जेवढं पचायचं तेवढं आता एकदम घेतलं तर श्वास थांबू शकतो. घरात जुना साठा शिल्लक होता, तो वहिनींनी त्याच दिवशी केमिस्टकडे परत दिला.

शेवटचे ५० सगळ्यात लांबले. तीनशेवरून पन्नासवर येण्याइतका त्रास त्या शेवटच्या पन्नासात झाला. पायांची अस्वस्थता परत आली, झोप तुटायची, चिडचिड. दोनदा पायरी तशीच ठेवून थांबावं लागलं. सगळं मिळून जवळपास दीड वर्ष लागलं, आणि शेवटच्या थेंबानंतरही झोप नीट बसायला काही महिने गेले.

आज दादांची कंबर दुखते. बहुतेक दिवस तीन-चार, वर्षाकाठी एक-दोन वेळा उसण भरते आणि दोन आठवड्यांत उतरते. गोळी चालू असताना सरासरी सहा-सात होतं. बद्धकोष्ठता गेली, तिच्याबद्दल त्यांनी चार वर्षांत कोणाला सांगितलंच नव्हतं. रीम अजून उचलतात पण अर्ध्या-अर्ध्या करून, मालकाशी बोलून रात्रपाळी सोडली. घाबरणं पूर्ण गेलेलं नाही, समुपदेशन अधूनमधून चालू आहे. जड कामाच्या दिवशी गोळीची आठवण येते असंही ते मोकळेपणाने सांगतात.

मागच्या महिन्यात अक्कलदाढ काढली. दातांच्या डॉक्टरांनी दुखण्यासाठी नेमकी तीच एकत्र गोळी लिहिली, पाच दिवसांसाठी. दादांनी तिथेच सांगितलं की ही मला चालणार नाही, साडेतीन वर्षं घेत होतो, उतरवायला दीड वर्ष लागलं. डॉक्टरांनी चिठ्ठी बदलून आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दिलं, दाढेच्या दुखण्याला ही जोडी तशीही चांगली लागू पडते, आणि तीन दिवसांत ते कामावर होते. ती खोडलेली चिठ्ठी त्यांनी मला फोटो काढून पाठवली, खाली लिहिलं होतं, वहीत चिकटवू का?